जावईबापूंची ओहोटी

“असलं काही आपल्या इथे आहे का हो, जावईबापू?”

सासूबाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा जावईबापू चहा पीत होते. दचकून त्यांनी कप बशीत ठेवायच्या ऐवजी स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, आणि चटका बसेपर्यंत ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. कारण सासूबाई राहायला आल्यापासून त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. स्वतःचं घर विकून लेकीकडे आलेली ही बाई इतके दिवस खिडकीकडे पाठ करून बसायची आणि कशालाही एकच उत्तर द्यायची, “मला काय.” पंखा लावू? मला काय. बागेत जाऊन यायचं? मला काय. डॉक्टरांनी तपासून सगळं ठणठणीत आहे असं सांगितलं, तेव्हासुद्धा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “मला काय.” डॉक्टर बिचारे फी न घेताच निघाले होते.

टीव्हीवर काळे खडक दिसत होते. खडकांतल्या खळग्यांत समुद्राचं पाणी साठलं होतं आणि त्यात लाल फुलं डोलत होती. ही फुलं नसून प्राणी आहेत, असं निवेदक सांगत होता. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि खडकांच्या डबक्यांत त्याचा हा संसार उघडा पडतो.

“आहे म्हणजे काय! आहेच!” जावईबापू म्हणाले. “या रविवारी जाऊ आपण.”

खरं म्हणजे आहे की नाही याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. जावईबापू शहर बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं तयार करायचे. समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी एका मार्गाचा शेवटचा थांबा. त्याच्या पुढे बस जात नाही, तेव्हा त्याच्या पुढे काही बघण्यासारखं असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. पन्नाशी उलटली, डोक्यावर मोजकं काही उरलं, कचेरीत हाताखाली माणसं आली, पण सासूबाईंच्या लेखी ते जावईबापूच राहिले. तेव्हा आपणही तेच म्हणू.

“तुम्हाला पोहता येतं का?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांना टोचून झाल्यावर घरी टोचायची खरं तर गरज नव्हती, पण हाताला सवय.

“डबक्यात कोण पोहतं?”

“पडल्यावर कळेल,” बायको म्हणाली.

आता ही गोष्ट घरात राहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जावईबापूंनी ती जिन्यात सांगितली. जिन्यात सांगितलेली गोष्ट आणि पाण्यात टाकलेलं मीठ परत मिळत नाही.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राचार्य राहायचे. त्यांचा विषय इतिहास, पण निवृत्तीनंतर त्यांनी बाकीचे विषयही ताब्यात घेतले होते. “खडकावर जायचं म्हणजे चवडा आधी टेकवायचा की टाच, हे ठाऊक आहे का?” त्यांनी विचारलं. जावईबापूंनी आजवर दोन्ही एकदमच टेकवले होते. प्राचार्यांनी जिन्यातच चालून दाखवलं. समोरच्या बिऱ्हाडातले दातांचे डॉक्टर दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, की पायात रबरी बूटच हवेत, शेवाळावर दुसरं काही टिकत नाही. तळमजल्यावरच्या वकीलबाई पिशवी घेऊन वर येत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, “पण तिथे पाटी आहे ना? विनापरवाना खडकांवर उतरल्यास कारवाई करण्यात येईल.”

“कोणती कारवाई?”

“ते लिहिलेलं नाही. म्हणजे कोणतीही,” वकीलबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन शांतपणे घरात गेल्या.

झालं. जावईबापू स्वतः सरकारी खुर्चीत वाढलेले. पाटी ओलांडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ते बंदर कार्यालयात गेले. खिडकीपलीकडे एक गृहस्थ पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

“खडकांवरची डबकी बघायची परवानगी हवी होती.”

“बघून काय करणार?”

“बघणार.”

“ते कळलं. पण बघून झाल्यावर?”

“घरी जाणार.”

गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली. असा सरळ माणूस त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांत आला नसावा. त्यांना संशय आला. “हे बघा, खडकावर पाणी असेल तर ते आमच्या हद्दीत. तेव्हा तुम्ही उतरूच शकत नाही, बुडाल. आणि पाणी नसेल तर ती जमीन झाली. जमीन नगरपालिकेची.”

“आणि डबकं? त्यात पाणीही आहे आणि भोवती जमीनही आहे.”

गृहस्थांनी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. मग म्हणाले, “चहा घेणार?” आणि चहा देऊन त्यांनी जावईबापूंना नगरपालिकेत पाठवलं.

नगरपालिकेत पहिल्या टेबलावरच्या माणसाने ‘डबकं’ एवढाच शब्द ऐकला आणि त्यांना आरोग्य खात्यात धाडलं. आरोग्य खात्यातला माणूस मोठा तत्पर निघाला. “कुठे साठलंय पाणी? पत्ता सांगा, उद्या सकाळी औषध मारून टाकतो.” जावईबापूंच्या डोळ्यांपुढे ती लाल फुलं आली. “नको, नको! वाळलं ते! आत्ताच वाळलं!” असं म्हणत ते जे पळाले, ते थेट उद्यान विभागात जाऊन थांबले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “फुलं आहेत ना तिथे?”

निवेदक म्हणाला होता की ती फुलं नाहीत. पण निवेदकाला परवानगी काढायची नव्हती.

“आहेत,” जावईबापू म्हणाले. “लाल.”

“मग ती बाग झाली. बाग बघायला परवानगी लागत नाही. फक्त फुलं तोडू नका.”

घरी येऊन त्यांनी हे सासूबाईंना तिखटमीठ लावून सांगितलं. त्या दिवशी सासूबाईंची खुर्ची खिडकीकडे जराशी वळलेली होती. लेकीने ती सरळ करायला हात लावला, तर म्हणाल्या, “असू दे.” ‘मला काय’ नव्हे, ‘असू दे’! नवराबायकोने स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांकडे पाहिलं. इतका मोठा बदल या घरात फ्रीज घेतल्यापासून झाला नव्हता.

रविवार आला. भरतीओहोटीचं वेळापत्रक जावईबापूंनी वर्तमानपत्रातून कापून ठेवलं होतंच. वेळापत्रक म्हटलं की त्यांची छाती दोन बोटं पुढे येई. प्राचार्यांनी “नीट वाचलंत ना?” असं विचारलं तेव्हा ते नुसते हसले. माशाला पोहायला शिकवायचं नसतं.

सासूबाई रबरी बूट घालून निघाल्या. बूट डॉक्टरांच्या बायकोचे, दोन नंबर मोठे. आत कागद कोंबला होता. हातात काठी, दुसरा हात लेकीच्या हातात. बसने शेवटचा थांबा गाठला, कठड्यापर्यंत गेले आणि तिघांनी खाली वाकून पाहिलं.

खाली समुद्र होता. नुसता समुद्र. खडकाचं एक टोकही दिसत नव्हतं. लाटा कठड्यावर येऊन आपटत होत्या, आणि त्यातल्या एका लाटेने जावईबापूंचा चष्मा धुऊन काढला.

“ओहोटी कुठंय?” बायकोने विचारलं.

“येईल. वेळ होऊन गेली आहे. उशीर झाला असेल.”

“समुद्राला?”

मग जावईबापूंनी कात्रण काढलं, बायकोने ते हातातून घेतलं आणि खरा प्रकार उघडकीस आला. जावईबापूंच्या आयुष्यात वेळापत्रकात लिहिलेली वेळ म्हणजे सुटण्याची वेळ. ओहोटीपुढे लिहिलेल्या वेळेला ओहोटी सुटते, मग ती आरामात मजल दरमजल करत जाते, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी तिला जेवणापर्यंतची सवलत दिली होती. प्रत्यक्षात ती वेळ म्हणजे शेवटचा थांबा होता. त्या वेळेला पाणी सगळ्यात खाली जाऊन पोचतं आणि तिथूनच परत फिरतं. हे लोक जेवून, वामकुक्षी आटोपून आले, तोवर समुद्रही परत येऊन आपल्या जागी बसला होता.

बायकोने कात्रणाची घडी घातली आणि ती जावईबापूंच्या खिशात ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “चला. मला काय.” घरी आल्यावर त्यांनी बूट काढून दाराशी ठेवले आणि खुर्ची स्वतःच्या हाताने भिंतीकडे वळवली.

जावईबापूंना जेवण गेलं नाही. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली होतीच. वेळापत्रकवाल्याची ओहोटी चुकली! दातांचे डॉक्टर सहानुभूतीने म्हणाले, “होतं असं कधीकधी,” पण म्हणताना त्यांचे स्वतःचे सगळे दात दिसत होते. कचेरीत कोणीतरी फळ्यावर ‘समुद्र आज उशिराने धावत आहे’ असं लिहून ठेवलं. हे सगळं जावईबापूंनी गिळलं. अपमान पचवायची त्यांना सवय होती. बसच्या प्रवाशांनी ती लावली होती. पण भिंतीकडे वळलेली खुर्ची काही पचेना. ते रात्री कूस बदलत राहिले, आणि सकाळी उठून सासूबाईंच्या खुर्चीसमोर, भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभे राहिले.

“आई, चूक माझी झाली. समुद्राची नाही. पुढच्या वेळेला आपण त्याच्या आधी पोचू. याल ना?”

सासूबाईंनी वर पाहिलं. भिंतीला चिकटून पोट आत घेऊन उभा राहिलेला जावई बघून कोणालाही दया आली असती.

“तिथून आधी बाहेर या,” त्या म्हणाल्या. “येईन.”

या वेळी मात्र बिल्डिंगने सूत्रं हातात घेतली. एकट्या जावईबापूंच्या हाती पुन्हा समुद्र सोपवायला कोणी तयार नव्हतं. प्राचार्य नेतृत्वासाठी आले, डॉक्टर आपल्या बायकोच्या बुटांची काळजी म्हणून आले, वकीलबाई पाटीमुळे आल्या. जावईबापूंनी त्यांना आरोग्य खात्याला काही कळवू नका एवढीच विनंती केली.

आणि काय सांगावं! कठड्यापाशी पोचले तर समुद्र पार दूर गेलेला. जिथे मागच्या वेळी लाटा आदळत होत्या तिथे काळे खडक ओलेचिंब होऊन पसरले होते आणि त्यांच्या खळग्याखळग्यांत आकाशाचे तुकडे पडले होते. वकीलबाईंनी पाटी वाचली आणि सांगितलं, “यात ‘खडकांवर’ असं आहे. आपण खडकांमधल्या वाळूवर उतरू.” सगळे उतरले. प्राचार्य पुढे. त्यांनी आधी चवडा टेकवला, मग टाच, मग पाठ. डॉक्टरांनी त्यांना उचलून उभं केलं. त्यानंतर नेतृत्व सासूबाईंकडे गेलं. त्या काठीने खडक ठोकून बघत आणि मगच पाय टाकत.

पहिल्याच डबक्याशी त्या थांबल्या. “अगं बाई!”

पाणी इतकं नितळ की आहे की नाही तेच कळेना. तळाशी नारिंगी रंगाचा तारामासा पसरलेला, जणू कोणी वाळत घातला आहे. कडेला लाल, जाडसर पाकळ्यांचं समुद्रफूल. सासूबाई काठी टेकून हळूहळू खाली बसल्या आणि त्यांनी करंगळीचं टोक त्याला लावलं. फुलाने पाकळ्या मिटून करंगळी धरली.

“चिकटतंय गं!” त्या लेकीला म्हणाल्या. “खातंय की काय मला?”

“चव बघतंय,” लेक म्हणाली आणि आईच्या शेजारी बसली. जावईबापूंनी बायकोला असं मांडी घालून ओल्या खडकावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या डबक्यात एक शंख पाय फुटल्यासारखा चालत होता. आत छोटा खेकडा. तो एका मोठ्या रिकाम्या शंखापाशी आला, त्याने त्याच्या तोंडात नांगी घालून आतून चाचपून पाहिलं, बाहेरून फिरून पाहिलं, पुन्हा आत चाचपलं. भाड्याने घर बघणारा माणूसही इतकी चौकशी करत नाही. मग एकाएकी आपल्या जुन्या शंखातून उघडंनागडं अंग बाहेर काढून तो सर्रकन नव्या शंखात शिरला आणि जुन्याकडे वळूनही न बघता चालू लागला.

जावईबापूंनी भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं. घर सोडून आलेल्या माणसाला नेमकं हेच दिसावं?

सासूबाई त्या खेकड्याकडे एकटक बघत होत्या. मग मान हलवून म्हणाल्या, “शहाणा आहे. मला तर एक कपाट हलवायला चार माणसं लागली, आणि तरी ते तुमच्या दारातून आत आलंच नाही.”

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला, आणि त्या आनंदात त्यांनी खडकावर नको तिथे पाय ठेवला.

शेवाळाने आपलं काम चोख केलं. जावईबापू दोन्ही हात पसरून, अतिशय सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल अशा बेताने घसरत गेले आणि कमरेएवढ्या डबक्यात जाऊन बसले. त्या डबक्यात एक लठ्ठ, गोगलगायीसारखा, डोक्यावर सशासारखे कान असलेला तपकिरी प्राणी आपला चरत होता. असा पाहुणा शेजारी येऊन आदळल्यावर त्याने आपल्या परीने निषेध नोंदवला. डबक्यात जांभळ्या रंगाचा ढग उठला आणि पसरत गेला. प्राणी त्याच ढगातून शांतपणे पलीकडे निघून गेला. जावईबापू उठून उभे राहिले तेव्हा वरून छातीपर्यंत पांढरे होते आणि खाली जांभळे. पांढरे कपडे घालून जाऊ नका, एवढं एक कोणीच सांगितलं नव्हतं.

“लागलं का हो?” बायकोने विचारलं.

“नाही,” जावईबापू शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणाले. “मी आतून बघत होतो.”

आणि सासूबाई हसल्या.

आधी खांदे हलले, मग काठी, मग तोंड उघडलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या पुढे वाकल्या, आणि टुपकन आवाज झाला. त्यांची वरची कवळी त्यांच्यासमोरच्या डबक्यात पडली.

“हलू नका कोणी!” दातांचे डॉक्टर ओरडले. ही त्यांच्या हक्काची वेळ होती. बाह्या सरसावून ते काठावर पालथे पडले. पण त्यांच्याआधी दुसऱ्याच कोणाचा तरी हात पुढे आला होता. खडकाच्या फटीतून एक बारीक, लवचीक, ठिपक्यांचा हात. मग दुसरा. मग तिसरा. कवळीला हात लागला, हाताने ती उलटी केली, सुलटी केली, एकेक दात चाचपून पाहिला.

“इतकी बारकाईने तपासणी मीसुद्धा करत नाही,” डॉक्टर पुटपुटले.

फटीतून दोन डोळे वर आले. छोटासा ऑक्टोपस होता तो, मुठीएवढा. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, विशेषतः डॉक्टरांकडे, आणि कवळी ओढून आपल्या बिळाच्या तोंडाशी नेली. तिथे त्याने आधीच शिंपले रचून दार केलं होतं. दारात एक भोक राहिलं होतं. कवळी त्यात अशी चपखल बसली की माप घेऊन केल्यासारखी. आत ऑक्टोपस, आणि दारात गुलाबी हिरड्यांसकट दात विचकलेली सासूबाईंची कवळी.

“छत्रीच्या दांड्याने ओढा!” प्राचार्य आपली छत्री पुढे करत म्हणाले.

“ताबा त्याचा आहे,” वकीलबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दांडा पाण्यात घातला, तर ऑक्टोपसने दांडाही धरला. ओढाओढ सुरू झाली. जावईबापू जांभळ्या पँटीनिशी पुन्हा डबक्यात उतरायला निघाले; पहिल्या ओहोटीची भरपाई करायची हीच संधी, असं त्यांना वाटलं असावं.

“थांबा सगळे!” सासूबाईंनी काठी आपटली. दात नसल्यामुळे शब्द हवेतच जास्त सुटत होते, पण हुकूम स्पष्ट होता. “सोडा ती छत्री. दार लावून बसलाय बिचारा. कोणाच्या दाराला हात लावायचा नाही.”

“पण आई, तुमची कवळी!” जावईबापू म्हणाले.

“मला काय!” सासूबाई म्हणाल्या, आणि बोळक्या तोंडाने पुन्हा खदखदून हसल्या. या खेपेला त्यांच्याबरोबर सगळेच हसले. बायको तर आईच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. जावईबापू डबक्याच्या काठावर एक पाय आत, एक बाहेर असे उभे राहून त्या दोघींकडे बघत राहिले. बाहेरच्या पायालाही पाणी लागायला लागलं, तेव्हा कुठे त्यांना वेळेचं भान आलं. समुद्र परत निघाला होता. सगळे एकमेकांचे हात धरून कठड्याकडे निघाले. सासूबाई मात्र दर डबक्याशी थांबत होत्या, आणि त्यांना तिथून हलवायला प्राचार्य, डॉक्टर आणि लेक असे तिघे लागत होते.

नवी कवळी करायची म्हणजे माप द्यायला दवाखान्यात जाणं आलं. डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवशी भरलेला होता. एरवी अनोळखी माणसासमोर तोंड न उघडणाऱ्या सासूबाई बाकाच्या मधोमध बसून सगळ्यांना समुद्रफुलाची गोष्ट सांगत होत्या. गाल सुजलेले लोक आपापली कळ विसरून पुढे सरकून ऐकत होते. जावईबापू शेजारी बसून मधूनच एखादी दुरुस्ती सुचवत, आणि सासूबाई ती फेटाळत. मग डॉक्टरांची नवी मदतनीस हातात कागद घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“आजी, जुनी कवळी कुठे आहे? तुटली का?”

“छे! चांगली आहे.”

“हरवली?”

“नाही गं. कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.”

“मग ती का वापरत नाही?”

“कशी वापरू?” सासूबाई म्हणाल्या. “एक जण वापरतोय ना.”